एवढं फिकं पुरे?

भुऱ्या या कुत्र्याला माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात टेबलावर घेतलं तेव्हा माझं लक्ष आधी त्याच्या तोंडाकडे गेलं. लाळेची तार छातीपर्यंत लोंबत होती आणि दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. दातात काही अडकलं असेल, असं मला वाटलं. हलकेच ओठ वर केला तर हिरडीवर आणि जिभेच्या कडेला पांढरट फोड, काही फुटलेले. शिवाय वास. फिनेलच्या जवळ जाणारा तो उग्र वास ओळखीचा होता. मग मी पुढच्या पायाची पट्टी सोडली.

पाच दिवसांपूर्वी हाच पाय तारेने ओरखडला होता. त्याच्या मालकांनी, काकांनी, तेव्हा फोनवर वर्णन केलेली जखम फार तर दोन सेंटिमीटरची, वरवरची. आता ती तिप्पट झाली होती. कडा राखाडी, भोवतालची कातडी लालबुंद, मधला भाग धुवट पांढरा. नवीन मांस धरल्याची खूण कुठेच नाही. पूही नव्हता. जंतूंनी नव्हे, औषधाने भाजलेली जखम होती ती.

"काका, काय लावत होतात?"

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. तपकिरी द्रव, पाण्यात पडला की दुधासारखा पांढरा होतो तो. "हेच. पाणी घातलं नाही, म्हटलं जोर कमी व्हायला नको. दिवसातून तीनदा लावलं, मॅडम. एकही वेळ चुकवली नाही."

आणि मला माझाच फोन आठवला. "अँटिसेप्टिकने साफ करत राहा," एवढंच म्हणाले होते मी. कोणतं, किती पाण्यात, एक शब्द नाही. हे मी काकांना तिथेच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, भुऱ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

त्या द्रवात क्लोरोझायलेनॉल असतं, फिनॉलच्या कुळातलं. पाणी न घालता लावलं तर ते जंतू आणि जिवंत पेशी असा भेद करत नाही. त्यातून कुत्रा जखम चाटणारच. त्यामुळे जखमेवर लावलेलं प्रत्येक औषध त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच निवड करावी लागते. (घरात मांजर असेल तर ही बाटली तिच्या आसपासही नको. फिनॉल पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फारच कमी असते.)

भुऱ्याचं तोंड साध्या पाण्याने बराच वेळ धुतलं, वेदनाशामक दिलं. केस कापताना ते जखमेत पडू नयेत म्हणून आधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेल भरली. नंतर सलाइनने धुणं, सावकाश, सिरिंजच्या हलक्या धारेने. भुऱ्या कण्हला नाही. मीठ-पाणी शरीरातल्या द्रवाइतकंच खारट असेल तर झोंबत नाही. घरी करायचं तर उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. किरकोळ जखमेचं निम्म्याहून जास्त काम हे धुणंच करतं, असं माझं ठाम मत आहे.

मग काकांनी विचारलं, घरी हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, ते चालेल का? फेस येतो म्हणून लोकांचा त्यावर फार विश्वास. तो फेस म्हणजे सुटलेला ऑक्सिजन. मांस भरून आणणाऱ्या पेशीही त्या द्रवाने मरतात आणि चाटलं तर कुत्र्याला उलट्या होतात. स्पिरिटने तर नुसती आग होते. एकदा अशी आग झालेला कुत्रा दुसऱ्यांदा पाय हातात देत नाही. टी ट्री तेलही नको. चाटण्यातून किंवा कातडीतून अंगात गेलं की कुत्र्याचे पाय लटपटतात, अंग थरथरतं.

राहिली दोन अँटिसेप्टिक. दोन टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन असेल तर 5 मिली घेऊन पाणी घालत 200 मिली करायचं. म्हणजे 0.05 टक्के झालं, जखमेला तेवढंच हवं. मात्र ते डोळ्यात किंवा कानात जाता कामा नये आणि फेसाचं 'स्क्रब' जखमेसाठी नाही. दुसरं, दहा टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, फिक्या चहासारखं दिसेपर्यंत पाण्यात मिसळलेलं. काकांना रंगावरून ओळखणं सोपं वाटलं, म्हणून मी तेच दिलं. जखम चाटता येऊ नये म्हणून भुऱ्याच्या गळ्यात शंकूसारखी कॉलर घातली. एक गोष्ट मात्र दोनदा बजावली: दुसऱ्या कुत्र्याचा चावा असेल तर घरी काही लावत बसायचं नाही. दाताचं भोक बारीक दिसतं, पण खाली मांस फाटलेलं असू शकतं. धुवायचं आणि लगेच घेऊन यायचं.

पाचव्या दिवशी दोघं आले. तोंडातले फोड बरेच सुकले होते, जखमेत लाल, दाणेदार मांस धरलं होतं आणि कडेने गुलाबी कातडीची बारीक रेघ सरकत होती. भुऱ्या खायला लागला होता.

काकांनी पिशवीतून पुन्हा बाटली काढली, या वेळी घरी तयार केलेलं पाणी. खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, एवढं फिकं पुरे?"

मी बघितलं. "अजून थोडं पाणी घाला, काका."