परदेशी कोठडीत आपला माणूस, आणि सरकारने त्याच्यासाठी काय करायचं असतं

परदेशात कुणाला अटक झाली की घरी येणारा पहिला फोन बहुतेक वेळा पोलिसांचा नसतो आणि दूतावासाचाही नसतो. तो रूमवरच्या सोबत्याचा असतो. "परवा रात्री साइटवरून उचलून नेलं, मोबाइल बंद आहे," एवढंच त्याला माहीत असतं. मग खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांतून पळापळ सुरू होते. आधी एजंट, मग आमदार, मग खासदार, मग कोल्हापुरातला कुणी ओळखीचा. सगळ्यात मोलाचे दिवस नेमके यातच जातात.

आपल्या सीमाभागात त्यात आणखी एक घोळ असतो: दाद बंगळूरला मागायची की मुंबईला? सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, पण या प्रश्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशातलं वाणिज्यदूतांचं काम हे दोन्ही राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत आहेत, नोंद १० आणि ११. कर्नाटकाचे मुख्यमंत्री असोत की महाराष्ट्राचे, त्यांनी लिहिलेलं पत्र शेवटी दिल्लीत परराष्ट्र मंत्रालयाच्याच टेबलावर जातं. राज्याचं पत्र पाठपुराव्याला उपयोगी पडतं, पण त्याची वाट पाहत बसू नये. थेट दूतावासाला लिहायला कुणाच्याही शिफारशीची गरज नसते.

दूतावासाने काय करायचं, याचा पाया १९६३ चा व्हिएन्ना करार. त्याचं कलम ३६ प्रत्येक स्थलांतरिताच्या घरात माहीत असायला हवं. परदेशी माणसाला अटक केली की त्याला त्याच्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, हे पोलिसांनी विनाविलंब सांगायचं असतं. त्याने मागणी केली की दूतावासाला विनाविलंब कळवायचं असतं. दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला कोठडीत भेटण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि वकील मिळवून देण्याची व्यवस्था करण्याचा हक्क आहे. यातली मेख "मागणी केली की" या शब्दांत आहे. माणूस गप्प राहिला तर पोलिसांवर दूतावासाला कळवण्याचं बंधन लागू होतंच असं नाही. म्हणून आखातात जाणाऱ्याला निघतानाच सांगून ठेवावं, की अटक झाली तर पहिलं वाक्य हेच बोलायचं. अरबी येत नसेल तर "सिफारा हिंदिया", म्हणजे भारतीय दूतावास, एवढे दोन शब्द घोकून जावं. आणि दुभाषा मिळेपर्यंत न समजणाऱ्या कागदावर सही करायची नाही. करावीच लागली तर सहीशेजारी मराठीत लिहावं: "मजकूर मला वाचून दाखवलेला नाही." पुढे जबाबावर वाद झाला तर वकिलाच्या हाताला एवढी ओळ तरी लागते.

घरच्यांचं काम कागदांचं. दूतावासाच्या कॉन्सुलर विभागाला एक ईमेल, त्यात पासपोर्ट क्रमांक, व्हिसा किंवा तिथल्या रहिवासी कार्डाचा क्रमांक, कंपनीचं आणि कफीलचं (आखातात व्हिसा ज्याच्या नावावर असतो तो मालक) नाव, अटकेची तारीख आणि ठिकाण, कळला असेल तर आरोप, आणि शेवटचं बोलणं झालेल्या सोबत्याचा नंबर. पासपोर्टची दोन्ही पानं जोडायची. त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर तक्रार नोंदवायची. हे पोर्टल २०१५ पासून चालू आहे आणि नोंदणी क्रमांकावरून तक्रार कुठवर गेली ते पाहता येतं. भाऊ, मेहुणा आणि गावचा पुढारी अशा तिघांनी तीन वेगळ्या तक्रारी करू नयेत. फाइल फुटते आणि उत्तर कुणालाच नीट मिळत नाही.

आठ-दहा दिवसांनी "आम्ही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संपर्कात आहोत" एवढंच उत्तर आलं तर लगेच संतापू नका. बऱ्याच देशांत खासगीपणाचे कायदे इतके कडक आहेत की कैद्याने लेखी संमती दिल्याशिवाय त्याची माहिती दूतावासालाही देत नाहीत. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये विनंती करावी, की भेटीच्या वेळी घरच्यांना माहिती देण्यासाठी त्याचं संमतिपत्र घ्यावं. वकीलपत्राचंही असंच. घरून मुखत्यारपत्र पाठवायचं तर नोटरी, मग राज्याचं किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग बऱ्याच देशांसाठी त्यांचा दिल्लीतला दूतावास, अशी रांग लागते. आठवडे जातात. कैद्यानेच तुरुंगात अधिकाऱ्यासमोर वकीलपत्रावर सही केली तर ही सगळी रांग वाचते.

आता आपल्या भागाची खास अडचण. दूतावासाला आधी एक गोष्ट ठरवावी लागते: हा माणूस खरंच भारतीय आहे का? पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतलेला किंवा हरवलेला असेल तर राष्ट्रीयत्वाची पडताळणी गावातून होते आणि मगच परतीचं तात्पुरतं प्रवासपत्र निघतं. ही पडताळणी देशाच्या सुरक्षेसाठी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आपली कागदपत्रं पाहा. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडात, आधारवर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनावच नाही, फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, तेव्हा जुन्या पासपोर्टवर एक आणि नव्या आधारवर दुसरं. शिवाय बेळगाव शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि जिल्ह्याचं अधीक्षक कार्यालय वेगळं. पत्त्यावरून पत्र चुकीच्या बाजूला गेलं तर ते परत फिरून येईपर्यंत माणूस डिपोर्टेशन सेंटरमध्ये बसून राहतो. कुणी चंदगड किंवा गडहिंग्लजला नातेवाइकाच्या पत्त्यावर आधार काढलेलं असेल तर राज्यच बदलतं. यावर उपाय परदेशी जाण्याआधीचाच: सगळ्या कागदांवर एकच स्पेलिंग, आणि पासपोर्टवरचा पत्ता खरा. आणि अटक झाल्यावर आपल्या हद्दीचं पोलीस ठाणं कुठलं ते ईमेलमध्ये स्पष्ट लिहावं.

दूतावास काय करू शकत नाही, हेही सांगायला हवं. तो तुरुंगातून सोडवू शकत नाही, तिथल्या न्यायालयाच्या कामात ढवळाढवळ करू शकत नाही, स्वतः वकील म्हणून उभा राहत नाही. पण त्याच्या हाताशी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू कैद्याला वकिलाची प्राथमिक मदत, किरकोळ गुन्ह्यातला किंवा मुदतबाह्य वास्तव्याचा छोटा दंड, परतीचं तिकीट, यासाठी तो वापरता येतो. "पैसे नाहीत म्हणून दंड भरला नाही आणि सुटका अडली" अशी वेळ आली तर या निधीचं नाव घेऊन अर्ज करावा, नुसतं "मदत करा" म्हणू नये. दहावी न झालेला कामगार ठरलेल्या १८ देशांपैकी एका देशात ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलमधून रीतसर गेला असेल तर त्याचा प्रवासी भारतीय विमा असतो. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, संरक्षण दहा लाखांचं, आणि नोकरीच्या वादातल्या कोर्टखर्चालाही त्यात काही रक्कम मिळते. टुरिस्ट व्हिसावर पाठवणारा एजंट नेमकं हेच सगळं हिरावून घेतो. ना करार, ना विमा, ना सरकारदरबारी नोंद.

अटक कशाने होते, तेही समजून घ्या. मुदत संपलेला व्हिसा, एका कफीलच्या नावावर येऊन दुसऱ्याकडे काम, पळून गेल्याची कफीलने दिलेली तक्रार, दारू, अपघातातला मृत्यू. आणि पार्सल. बेळगावचा कुंदा खुशाल न्यावा, पण घरच्या मसाल्यात किंवा लाडवात खसखस असेल तर ती यूएई आणि सौदीत अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामक गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं औषध यांचंही तेच. इथल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे आपोआप चालत नाही, आधी परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्याने दिलेला डबा उघडून पाहिल्याशिवाय बॅगेत टाकू नये, मग देणारा सख्खा मेहुणा का असेना. २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीत परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांचा आकडा १०,००० च्या वर होता, आणि त्यातले सर्वाधिक सौदी आणि यूएईमध्ये.

हे झालं नेहमीच्या गुन्ह्यांचं. आरोप हेरगिरीचा किंवा देशाच्या सुरक्षेचा असला की सगळं बदलतं. सुनावणी बंद दाराआड होते, आरोपपत्र घरच्यांना दिसत नाही, आणि आपलं सरकारही मोजकंच बोलतं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं घर. पेन्शनवर आलेला माणूस आखातात सिक्युरिटीची नोकरी धरतो तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये युनिटचे ग्रुप, गणवेशातले फोटो, कोर्सची प्रमाणपत्रं असतात. आपल्याला तो अभिमान वाटतो, तिथल्या तपास यंत्रणेला तो पुरावा वाटू शकतो. त्यात बंदर, विमानतळ किंवा तेल कंपनीच्या आवाराचा एखादा फोटो सापडला तर प्रकरण साधं राहत नाही. नोकरीसाठी लागणारी कागदपत्रं कागदावर न्यावीत, आणि मोबाइल रिकामा करूनच विमानात बसावं.

सुरक्षेच्या आरोपात कलम ३६ लागू होतं का? पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपात पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात हाच प्रश्न होता. मार्च २०१६ मध्ये अटक झाली आणि पाकिस्तानने भारताला तीन आठवड्यांनी, २५ मार्चला कळवलं. भारताने त्याच दिवशी भेटीची मागणी केली, पण भेट मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. पाकिस्तानचं म्हणणं, हेराला हे कलम लागूच नाही, आणि २००८ च्या द्विपक्षीय करारात सुरक्षेच्या कारणावरून अटक झाली तर प्रकरण गुणदोषांवर तपासण्याची मुभा आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मताने कलम ३६ चा भंग झाल्याचं ठरवलं. कलमात हेरगिरीचा अपवाद नाही, आणि २००८ चा करार त्या हक्काला छेद देत नाही. २ सप्टेंबर २०१९ ला भारतीय अधिकाऱ्याची भेट झाली. पण खटला उभा राहिला तो दोन्ही देश व्हिएन्ना कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेऊ देणाऱ्या पुरवणी करारात, होते म्हणून. अमेरिका २००५ मध्ये त्यातून बाहेर पडली, तिच्याविरुद्ध आज ही वाट उघडी नाही.

कतारमधल्या आठ माजी नौसैनिकांचा मार्ग वेगळा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अटक, ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा, डिसेंबरमध्ये अपिलात ती रद्द होऊन कैद, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटका. आरोप काय ते अधिकृतपणे कधीच जाहीर झालं नाही. तिथे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याऐवजी अपील आणि वरच्या पातळीवरची शांत बोलणी कामाला आली. म्हणजे सरकार गप्प आहे म्हणून हात बांधून बसलंय असं दर वेळी नसतं, आणि आपण रोज टीव्हीवर आरडाओरडा केला म्हणून माणूस लवकर सुटतो असंही नाही.

पण इथे एक रेघ ओढायलाच हवी. माध्यमांपासून माहिती राखणं वेगळं आणि घरच्यांना अंधारात ठेवणं वेगळं. तो कुठल्या तुरुंगात आहे, अधिकारी शेवटचे कधी भेटले, तब्येत कशी आहे, वकील कोण, पुढची तारीख कधी, या पाच गोष्टी कैद्याची संमती असताना आई-बापाला सांगितल्याने कुठलंही राष्ट्रीय गुपित फुटत नाही. तो दोषी आहे की निर्दोष, हा प्रश्न इथे येतच नाही, दोषी ठरला तरी तो आपला नागरिक आहे. जर्मनीत १९७४ पासून वाणिज्यदूतांच्या कर्तव्यांचा कायदा आहे आणि मागणी करणाऱ्या कैद्याची विचारपूस हे त्यात लिहिलेलं कर्तव्य आहे. आपल्याकडे हे सगळं परिपत्रकं आणि मार्गदर्शक सूचनांवर चालतं. पहिल्या भेटीची मुदत, घरच्यांना कळवण्याची मुदत, नकार दिला तर लेखी कारण, इतकं तरी कायद्यात यायला हवं.

आणि दुसऱ्याकडून हक्क मागायचा तर आपल्या ठाण्यांतही तो पाळला गेला पाहिजे. गोव्यात दाबोळी विमानतळावर सॅटेलाइट फोनसाठी परदेशी पर्यटकावर गुन्हा नोंद होतो, तेव्हा त्याच्या दूतावासाला वेळेत कळवणं हे आपल्या पोलिसांचं काम. भारत-पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. इतक्या बिघडलेल्या संबंधांतही ती देवाणघेवाण टिकली आहे, कारण दोघांचीही माणसं पलीकडे आहेत.

शिक्षा कायम झाली तरी एक वाट उरते. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याखाली, ज्या देशाशी करार आहे तिथला कैदी उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगू शकतो. यूएई, सौदी, कतार, कुवेत यांच्याशी करार आहेत. अर्ज कैद्याने स्वतः तुरुंगातून, दूतावासामार्फत करायचा. साधारणपणे शिक्षा किमान सहा महिने शिल्लक असावी, तो गुन्हा भारतातही गुन्हा असावा, फाशीची शिक्षा नसावी, आणि दोन्ही सरकारांची संमती हवी. केंद्रीय गृहमंत्रालय मग राज्याला विचारतं, आणि घराजवळचा तुरुंग म्हणून बेळगावजवळच्या हिंडलग्याचं नाव सुचवता येतं. इथे मात्र कर्नाटक सरकारच्या पत्राला खरं वजन आहे, आमदारांचा पाठपुरावा इथेच लावावा. शेवटची अट सगळ्यात अवघड: एकही अपील प्रलंबित नको. अपील मागे घेतल्याचा कागद जोडला नाही तर अर्ज अडतो, आणि घाईने अपील मागे घेतलं तर शिक्षा कमी होण्याची संधी जाते. म्हणून त्या अर्जावर सही करण्याआधी तिथल्या वकिलाकडून एकच गोष्ट लेखी घ्यावी: अपिलात शिक्षा कमी होण्याची शक्यता किती.