आमची ओहोटी जूनपर्यंत

डिसेंबरात दुर्बीण गळ्यात अडकवली की कोणीतरी विचारतंच, "किनाऱ्यावरचे पक्षी बघायला कोकणात जायचं सोडून हतनूरला कशाला जाता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. किनारा आमच्याकडेही आहे, फक्त तो सरकता आहे. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, त्याच्या खाली हतनूरचं धरण. पावसाळ्यात त्याचे 41 दरवाजे उघडल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. पाऊस सरला की दरवाजे बंद होतात. मग कालवे, शहरांची तहान, दीपनगरचं वीज केंद्र असं करत पाणी उतरू लागतं आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ उघडा पडतो. कोकणात ओहोटी दिवसातून दोनदा, आमची एकदाच लागते ती थेट जूनपर्यंत. चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतवार-पाणटिवळ्यांना आणखी काय हवं?

परवा सातला पोचलो. बोटं इतकी गारठलेली की दुर्बिणीची चकती फिरेना. थापट्या बदकांचं रिंगण मात्र जोरात चाललं होतं: पंधरा-वीस जण एकामागे एक गोल पोहत, फावड्यासारखी चोच पाण्यात बुडवून. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा गाळून खातो. पलीकडच्या हरभऱ्यात पट्टकदंब हंस चरत होते. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांचं आम्हाला कौतुक. शेतमालकाला नाही, आणि त्याचं चुकतं असंही म्हणवत नाही.

होडीजवळ जाळं सोडवत बसलेल्या भोईदादांनी विचारलं, "भाऊ, ते पांढरं पाखरू कोणतं?"

"तपकिरी डोक्याचा कुरव," मी ऐटीत.

त्यांनी डोळे बारीक केले. "डोकं तर पांढरंय!"

होतंच. तपकिरी टोपी विणीच्या हंगामातली. हिवाळ्यात कानामागे काळसर डाग तेवढा उरतो. मग मी पंखांची काळी टोकं, त्यांतले पांढरे ठिपके दाखवले. हा जन्मतो तिबेटकडच्या उंच पठारावरच्या तळ्यांकाठी, म्हणजे समुद्रपक्षी म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचं माहेरच समुद्रापासून कोसो दूर, हेही सांगितलं. कोकणाचा विषय माझ्यापुरता तिथेच मिटतो.

"मासे खातो का?"

"खातो."

"मग नावाचं काय करायचं, भाऊ," म्हणत त्यांनी होडी पाण्यात लोटली. कुरव उठले आणि तिच्या मागोमाग निघाले.