स्किबोटनच्या वरची ती रात्र आणि एक राहिलेला पासपोर्ट

मी ठाण्यात एका छोट्या टूर कंपनीत काम करते, बारा-चौदा जणांचा ग्रुप घेऊन जायचं आणि सगळ्यांना धडधाकट परत आणायचं हे माझं काम. गेली काही वर्षं हिवाळ्यात नॉर्वेत ट्रॉम्सोला जातेय. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळात रात्री नाचणारा तो रंगीत उजेड, नक्की दिसतील ना? मी नक्की म्हणत नाही, कधीच नाही. आधी मी जिथे होते त्या ऑफिसने पत्रकावर गॅरंटीड असं छापलेलं आणि रात्री ठेवलेल्या दोनच. दोन्ही रात्री बर्फ पडला. परतीच्या विमानात ग्रुपमधले एक आजोबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघत बसले होते, ते मला अजून आठवतं. त्यानंतर मी ठरवलं की चार रात्रींपेक्षा कमीची टूर आपण काढायची नाही, पैसे वाढले तरी चालेल.

आता सांगतेय ती गेल्या फेब्रुवारीची गोष्ट. तयारी ऑगस्टपासूनच सुरू झालेली. अर्ध्या लोकांना डिसेंबर हवा होता, मुलांच्या नाताळच्या सुट्टीमुळे. मी समजावलं की ट्रॉम्सो ६९ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे, तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड आणि मग परत काळोख, लहान मुलांना आणि वयस्कर लोकांना चार दिवस ते जड जातं. फेब्रुवारीच्या शेवटी दिवसा चांगलं ऊन असतं, केबल कारने वर जाता येतं, रेनडिअर बघता येतात, आणि संध्याकाळी सातनंतर भरपूर अंधार. शिवाय मार्चच्या आसपास, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराला, लाइट्सची अॅक्टिव्हिटी वाढते. शेवटी चौदा जण फेब्रुवारीला तयार झाले.

व्हिसाचं फार लिहित नाही, शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी ९० युरो आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच, जास्त रात्री नॉर्वेत असतील तर अर्जही नॉर्वेचाच. एक मात्र सांगते, ऑस्लोला उतरून ट्रॉम्सोचं विमान पकडायचं असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा, बॅगा बहुतेकदा ताब्यात घेऊन कस्टम्समधून जाऊन परत टाकाव्या लागतात. आणि पेढे, तूप, पनीर काही नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ नॉर्वेत न्यायला बंदी आहे. चिवडा, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी न्या, त्यावर आमचे चार दिवस मजेत जातात.

तर पहिली रात्र ढगाळ. दुसऱ्या रात्री शहराबाहेर गेलो, दोन तास थांबलो, ढगांच्या फटीतून काहीतरी पुसट दिसलं न दिसलं आणि परत आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला सगळे गप्प. मला ती शांतता ओळखीची झाली आहे, कुणी तक्रार करत नाही पण चहाच्या कपात बघत बसतात.

दुपारी मी आणि आमचा तिथला गाईड हॉटेलच्या लॉबीत लॅपटॉप उघडून बसलो. लोक केपीचा आकडा बघतात, म्हणजे लाइट्सचा जोर सांगणारा शून्य ते नऊमधला आकडा, पाच आहे का सहा आहे. ट्रॉम्सोत केपी दोन असला तरी पुरतो कारण ज्या पट्ट्यात लाइट्स रोज असतात त्या पट्ट्याच्या खालीच आपण उभे असतो. तिथे प्रश्न ढगांचा. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या साइटवर ट्रॉम्सो रात्रभर ढगाखाली दाखवत होतं, उणे दोन आणि ओला बर्फ. पण आत, स्किबोटनच्या खोऱ्यात आणि पुढे फिनलंडच्या किल्पिसयार्वीला रात्री नऊनंतर मोकळं दाखवत होतं. मध्ये लिंगन आल्प्सची भिंत आहे, १८०० मीटरच्या वर जाणारे डोंगर, समुद्रावरून येणारा ओलावा अलीकडेच सांडतो आणि पलीकडे कोरडं. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव कोरडं, अगदी तसंच. मी बोर्डावर लिहिलेलं रात्रीचं जेवण रद्द केलं, पैसे बुडाले, आणि सगळ्यांना साडेसहाला खाली या म्हणून सांगितलं, पासपोर्ट घेऊन, कारण कदाचित फिनलंडमध्ये शिरावं लागेल.

निघायच्या आधी मी प्रत्येकाची कॉलर चाचपते, खरंच हाताने. आत सुती बनियन असेल तर वर परत पाठवते. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग उभं राहिल्यावर तोच अंगावर गार पडतो, आत लोकरी किंवा थर्मलच पाहिजे. पायाचंही बघते, लोक गरम राहावं म्हणून घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबतात, रक्त खेळत नाही आणि बोटं बधिर होतात, त्यापेक्षा एकच जाड लोकरी मोजा आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा हवी. हे सगळं तपासलं. पासपोर्टचं मात्र नुसतं विचारलं, घेतलेत ना सगळ्यांनी? चौदा माना हलल्या आणि मी बस सोडली.

सत्तरेक किलोमीटरवर नुर्डक्योसबोटनला पेट्रोल पंपावर टॉयलेटसाठी थांबलो. तिथे नाशिकचे काका पाऊच उघडून बसले होते आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. पाऊचमध्ये झेरॉक्स होती, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. काकू त्यांना बोलायला लागल्या, मागून कुणीतरी म्हणालं आता काय परत जायचं का. परत जायचं म्हणजे येऊन-जाऊन अडीच तास, रात्रच संपली. गाईड म्हणाला सीमेवर बहुतेक कुणी अडवत नाही. पण अडवलं तर? सत्तरीतला माणूस, परदेशात, कागदाशिवाय, उणे वीसमध्ये रस्त्याकडेला पोलिसांशी बोलत उभा, ती जबाबदारी मी घेणार नव्हते. मी सगळ्यांना सांगितलं की चूक माझी आहे, मी डोळ्यांनी बघायला हवं होतं, आपण सीमा ओलांडायची नाही, अलीकडे जिथे मोकळं आभाळ मिळेल तिथे थांबू. काका काही बोलले नाहीत, शेवटच्या सीटवर जाऊन बसले.

स्किबोटनपर्यंत ढगच होते. काचेला नाक लावून बसले होते सगळे आणि मी पुढे ड्रायव्हरजवळ उभी राहून एक चांदणी दिसतेय का बघत होते. ई-८ रस्ता तिथून आत वळतो आणि खोऱ्यातून चढायला लागतो, आपल्या घाटासारखी वळणं नाहीत पण चढ सतत. डॅशबोर्डवरचा आकडा उणे सहा, उणे अकरा, उणे पंधरा असा उतरत होता आणि मला त्याचाच आनंद, कारण तिथे थंडी वाढतेय म्हणजे ढगांचं पांघरूण निघतंय. सीमेच्या थोडं अलीकडे हेलिगस्कोगनजवळ गाडी लावायला जागा आहे, तिथे पोचलो तेव्हा उणे एकोणीस आणि वर आभाळ भरून चांदण्या. मला ड्रायव्हरला मिठी मारावीशी वाटली.

लाइट्स मात्र नाहीत. गाईडने शेकोटी केली, आम्ही गरम पाणी, सूप, बाकरवडी वाटली. मोबाईलचे टॉर्च बंद करायला लावले, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकाने टॉर्च मारला की सगळ्यांची मेहनत वाया जाते. मी सौरवाऱ्याचे आकडे बघत होते. सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर उपग्रह आहेत, सूर्याकडून येणारे कण आधी त्यांच्यावरून जातात आणि आपल्यापर्यंत यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, तेवढीच काय ती आगाऊ सूचना. त्यात बीझेड म्हणून एक आकडा असतो, सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सांगणारा, तो उणेमध्ये गेला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं दार उघडलं समजायचं, म्हणजे लाइट्स यायची शक्यता वाढते. दहाच्या सुमाराला तो उणे सात झाला आणि तिथेच टिकला. मी कुणाला काही बोलले नाही, आशा लावून मोडली तर फार वाईट वाटतं.

साडेदहाला उत्तरेकडे डोंगरावर एक पांढुरका पट्टा आला. अर्धा ग्रुप हळहळला, आले ढग. पुण्याचा एक मुलगा तर बसकडे चालायला लागला. मी बोलणार एवढ्यात सांगलीच्या काकू म्हणाल्या, थांब रे, तो ढग नाही. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, ढग चांदण्या झाकतो, हा झाकत नाहीये, बघ आतून दिसतायत. आणि खरंच, त्या पांढऱ्या पट्ट्याच्या आतून दोन तारे स्वच्छ दिसत होते. मी इतक्या वेळा तिथे उभी राहिलेय, लोकांना हे इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

फोटोत सगळं हिरवंगार दिसतं आणि समोर राखाडी पट्टा, त्यामुळे लोकांना फसवल्यासारखं वाटतं. पण कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळतच नाहीत, कॅमेरा पाच-दहा सेकंद उजेड गोळा करतो म्हणून त्याला हिरवा आधी दिसतो. मी त्या मुलाचा फोन ट्रायपॉडवर लावून एक फोटो काढला, स्क्रीनवर पट्टा हिरवा आला आणि तो ओरडलाच.

तेवढ्यात मला आठवलं, काका बसमध्येच आहेत. मी आत गेले. ते अंधारात बसले होते, म्हणाले ताई तुम्ही बघा, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. मी म्हटलं काका तुमच्यामुळेच आपण इथे थांबलो, चला, आत्ता नाही आलात तर मी पण बाहेर जाणार नाही. ते उठले, त्यांच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे लावले कारण खाली नुसती काच झाली होती, आणि हात धरून खाली उतरवलं.

आम्ही पायरी उतरलो आणि पट्टा तुटला. असंच होतं ते, बराच वेळ शांत कमान असते आणि एकदम फुटते. उत्तरेकडून डोक्यावर आलं, आणि आता कॅमेऱ्याची गरज नव्हती, डोळ्यांना स्पष्ट हिरवं, पडद्याला कुणी खालून झटका द्यावा तशी लाट या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, आणि खालच्या कडेला गुलाबी, ती इतकी भरभर पळत होती की मान वळवेपर्यंत पुढे गेलेली. हिरवा शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन, गुलाबी त्याच्याही खालचा नायट्रोजन, हे मी दरवेळी सांगते, त्या दिवशी नाही सांगितलं. बर्फावर हिरवा उजेड पडला होता, माझ्या हातमोज्यावर पण. डोक्याच्या बरोबर वर आलं तेव्हा सगळीकडून किरण एका बिंदूला जाऊन मिळाल्यासारखे दिसत होते. कुणीतरी रडत होतं, कोण ते बघितलं नाही. काकांनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी दुखत होता. ते फक्त अरे, अरे, अरे एवढंच म्हणत होते.

बारा मिनिटं चाललं. मग विझत गेलं, ठिपके ठिपके होऊन चमकत राहिलं. मी एकही फोटो काढला नाही.

परतीच्या बसमध्ये कुणाला झोप नव्हती. फोन करायचे होते सगळ्यांना पण भारतात पहाटेचे साडेचार-पाच, तरी दोघांनी केलेच. कॅमेरे मी बाहेरच पिशव्यांत घालून घट्ट बांधायला लावले होते, गरम बसमध्ये एकदम आणले की लेन्सच्या आत दव धरतं. सांगलीच्या काकू खिडकीशी बसल्या होत्या, मी शेजारी जाऊन बसले. म्हणाल्या, टिळकांनी वेदांतल्या उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे असल्याचं मांडलं होतं, १९०३ साली, मी मुलांना सांगायचे, ते पटो न पटो, पण इथे आल्यावर कळतं की पुण्यात बसून त्या माणसाने किती लांबचं आभाळ डोळ्यांपुढे आणलं असेल. मग खिडकीवर आतून बर्फ धरला होता त्यावर त्यांनी नखाने पृथ्वीचा गोल काढला, विषुववृत्त काढलं, वर साडेसहासष्ट अंशाची, आर्क्टिक वृत्ताची तुटक रेघ, तिच्या वर एक ठिपका, म्हणजे आपण. तो पुण्याचा मुलगा मागून वाकून बघत होता. त्याला म्हणाल्या, आता सांगली दाखव. त्याने बोट खाली खाली नेत विषुववृत्ताच्या जरा वर टेकवलं. बरोबर, सतरा अंश, काकू म्हणाल्या, आणि तिथेही एक ठिपका काढला.

काका पुढून उठून आले, मला म्हणाले ताई, पुढच्या ग्रुपला पासपोर्ट हातात घेऊन दाखवायला सांगा. मी म्हटलं हो, आता तसंच करणार आहे.