सगळे भाग येईपर्यंत मी थांबत का नाही

"अगं, सगळे भाग येऊ देत ना. मग एका रविवारी बसायचं आणि संपवून टाकायचं."

‘सेव्हरन्स’ या मालिकेचा दुसरा सीझन जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून हे मी ऑफिसात ऐकलं, घरी ऐकलं, एका बारशाला पाळण्याशी उभी असतानाही ऐकलं. दर शुक्रवारी एकच भाग बघायचा आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत जीव टांगणीला लावून घ्यायचा, हे कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मात्र ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनचा सातवा भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहून या. त्याबद्दल बोलल्याशिवाय मला उत्तर देता येणार नाही.

मालिका थोडक्यात अशी. लुमन नावाच्या कंपनीत काही लोक मेंदूत चिप बसवून घेतात. लिफ्ट खाली गेली की बाहेरचा माणूस जणू झोपतो आणि आतला जागा होतो, संध्याकाळी उलट. आतल्याला घर माहीत नाही, बाहेरच्याला काम माहीत नाही. मार्कने हे करून घेतलं ते बायको अपघातात गेली म्हणून. दिवसातले निदान आठ तास तरी ती गेल्याचं दुःख नको, एवढ्यासाठी. पहिला सीझन ८ एप्रिल २०२२ ला संपला तेव्हा आतल्या मार्कला कळलं की ऑफिसातली समुपदेशक मिस केसी हीच त्या बाहेरच्याची बायको, जेमा. ती जिवंत आहे. एवढं कळलं आणि पडदा पडला. पुढचा भाग यायला १७ जानेवारी २०२५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षं थांबलेल्या बाईला आठवड्याचं काय सांगता?

मी ऐरोलीला काम करते. गळ्यात कार्ड, काचेची इमारत, लिफ्टपुढची रांग. म्हणून मालिका पाहिलेला जो तो म्हणतो, हे तर आपलंच ऑफिस. लुमनची इमारतही खरीच आहे. न्यू जर्सीत होम्डेलला बेल लॅब्जसाठी एरो सारिनन या वास्तुशिल्पकाराने आखलेली, १९६२ मध्ये उघडलेली. पण हे साम्य मला वरवरचं वाटतं. मला ही मालिका लागली ती बाबांमुळे.

बाबा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झाले. माझं काम विम्याच्या क्लेममधले आकडे तपासायचं. दुपारी डबा उघडताना लक्षात आलं की सकाळपासून बाबा एकदाही आठवले नाहीत. आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचंच इतकं वाईट वाटलं की डबा तसाच झाकून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मार्क मला त्या दिवशी कळला.

बाबांनीच मला रहस्यकथा बघायला शिकवलं. बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ दूरदर्शनवर १९९३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही नौपाड्यात दोन खोल्यांत राहायचो. मधे जाहिरात लागली की बाबा उठून टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि आम्हा भावंडांना विचारायचे, "कोण?" नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "कशावरून?" नुसता संशय त्यांना चालायचा नाही. हा माणूस असं का करेल, त्याला काय दुखत असेल, हे सांगावं लागायचं. जाहिराती संपायच्या आणि आमचं अर्धवट राहायचं. ते अर्धवट राहणंच मला सगळ्यात जास्त आवडायचं, हे आता कळतंय.

आता तो आवाज बंद करायला कुणी नाही. उलट एक भाग संपता संपता कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागतात आणि पुढचा सुरू होतो. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेरा भाग एकाच दिवशी आणले, त्यानंतर आपल्याला तीच सवय लागली. माझं त्याच्याशी भांडण नाही, बऱ्याच मालिका मीही तशाच संपवते. रहस्य असेल तर मात्र नाही.

ही मालिका बघणाऱ्या आम्ही चौघी आहोत, रोजच्या ठाणे-वाशी गाडीतल्या. ठाण्याच्या दहा नंबरवर गाडी लागते. तिथून ऐरोलीपर्यंत मधे एकटं दिघा गाव. तेवढ्यात थिअरी मांडायची, दुसरीची मोडायची आणि उतरायचं. रबाळ्याला उतरणारीला आमच्यापेक्षा चार वाक्यं जास्त मिळतात. सीझनभर आमचा वाद एकाच गोष्टीवर होता: मार्क आणि त्याचे सहकारी पडद्यावर जे आकडे वेचून डब्यांत टाकतात, त्यातून बनतं काय? प्रत्येक फाइलला नाव असतं. मार्कची ‘ॲलनटाउन’ आधीच पूर्ण झाली होती, या सीझनमध्ये तो ‘कोल्ड हार्बर’वर होता. मी म्हणत होते की ते माणसाची नक्कल तयार करतायत. रबाळेवाली म्हणायची, "ते आकडे म्हणजे जेमाच आहे." आम्ही तिला उडवून लावायचो.

२८ फेब्रुवारीच्या भागात ती खरी ठरली. जेमा लुमनमध्ये आणखी खालच्या मजल्यावर कोंडलेली आहे. लांब कॉरिडॉर, बंद दारं, प्रत्येक दारावर एकेका फाइलचं नाव. आत पाऊल टाकलं की तिचं एक वेगळंच रूप जागं होतं. ‘ॲलनटाउन’ हे नाव दारावर वाचलं आणि मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. तीन वर्षांचं कोडं सुटलं होतं.

मग ती दारं उघडायला लागली. ‘वेलिंग्टन’मध्ये दंतवैद्याची खुर्ची आहे. त्या खोलीतल्या जेमाला दुसरं आयुष्यच नाही. तिच्या लेखी एक वेळ संपते आणि लगेच दुसरी सुरू होते, मधे जेवण नाही, झोप नाही, कुणी विचारपूस करणारं नाही. आणखी एका खोलीत विमान कायम हेलकावे खातंय. एकीत कायम नाताळ, आणि आभाराची पत्रं लिहून लिहून दुखणारा हात. मार्क वर बसून आकडे नीट लावत होता आणि त्याच्या मेहनतीतून खाली त्याच्याच बायकोसाठी एकेक खोली तयार होत होती.

याच भागात त्यांचा संसारही दिसतो. रक्तदान शिबिरातली पहिली भेट, दोघंही प्राध्यापक, पुस्तकांनी भरलेलं घर, मग पोटातलं बाळ जाणं, मग मूल व्हावं म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या आणि एकमेकांशी हळूहळू कमी होत गेलेलं बोलणं. हा भाग दिग्दर्शित केलाय जेसिका ली गान्ये यांनी. मालिकेच्या छायालेखिका त्याच, आणि दिग्दर्शन त्यांनी पहिल्यांदाच केलंय. लुमनच्या पांढऱ्या, थंड उजेडानंतर त्या घरातला पिवळसर उजेड बघवत नाही.

शेवटी जेमा डॉक्टरला खुर्चीने मारते आणि लिफ्टपर्यंत पोचते. लिफ्ट वर जाते, आणि वर पोचते ती मिस केसी. आपण पळत होतो हेच तिला माहीत नाही. मार्कच्या मजल्यावरचा व्यवस्थापक मिल्चिक मऊ आवाजात समजूत घालतो आणि ती मुकाट्याने परत खाली जाते. मी मोठ्याने "नको" म्हणाले, आतून नवरा धावत आला.

तीन वर्षं मी जेमाकडे पुरावा म्हणून बघत होते. ती जिवंत आहे का, नक्कल आहे का, कुठल्या फोटोत कशी दिसली. तिला काय दुखत असेल हा बाबांचा प्रश्न मी मार्कबद्दल विचारला, मार्कच्या आधीच्या बॉस कोबेलबद्दल विचारला, मिल्चिकबद्दलसुद्धा विचारला. तिच्याबद्दल एकदाही नाही. हे मला त्या रात्री कळलं नाही, रात्री मी फक्त रडले. कळलं ते रविवारी, भाजी निवडताना. आठवा भाग हाताशी असता तर मी तो लावला असता आणि जेमा पुन्हा कोडं होऊन बसली असती.

सोमवारी गाडीत रबाळेवालीने "बघा, मी म्हटलं होतं की नाही" असं म्हणायला हवं होतं, तिचा हक्कच होता. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. दिघा गेल्यावर म्हणाली, "माझी बहीण दोन वर्षं त्या दवाखान्यात जात होती गं. मी एकदाही सोबत गेले नाही." ऐरोली आलं. त्या दिवशी मी उतरले नाही, तिच्याबरोबर रबाळ्यापर्यंत गेले आणि उलट गाडीने परत आले.

मंगळवारपासून पुन्हा थिअरी सुरू झाल्या. ती म्हणायची, जेमा शेवटच्या भागात बाहेर पडणार. मी म्हणायचे, ‘कोल्ड हार्बर’च्या दारातून गेल्याशिवाय तिची सुटका नाही, आणि मार्कने ती फाइल पूर्ण केल्याशिवाय ते दार उघडणार नाही. आठवा भाग ७ मार्चला होता, नववा धुळवडीच्या दिवशी, दहावा २१ ला. हरेल तिने बाकी तिघींना मामलेदारची मिसळ द्यायची, असं ठरलं होतं.