काळ्या सिटीचा मऊ क्लिअर कोट: बॉनेट आणि डावी बाजू पूर्ण, छत बाकी

गाडी होंडा सिटी, रंग क्रिस्टल ब्लॅक पर्ल, कोड एनएच७३१पी. मशीनने पॉलिश करून ओरखडे काढायचं काम चालू आहे. बॉनेट, डावं फेंडर, डावे दोन्ही दरवाजे आणि मागचा बंपर झाला आहे. उजवी बाजू, डिकी आणि छत बाकी. होंडाच्या या काळ्याचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मऊ म्हणून ओळखला जातो आणि या गाडीवरही त्याने तेच दाखवलं. स्वर्ल (जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे) साध्या फिनिशिंग पॉलिशने निघतात, पण त्यांच्या जागी पॅडने, पॉलिशने, कधी नुसत्या टॉवेलने उमटवलेला धूसरपणा उरतो. खरी झुंज त्याच्याशीच आहे. म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो: मऊ रंगावर कट (ओरखडे कापून काढण्याची ताकद) वाढवायचा असो की फिनिश सुधारायची असो, आधी पॅड बदलून बघा, पॉलिशची बाटली नंतर.

सुरुवातीची स्थिती

उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं पूर्ण जाळं दिसत होतं. नागपुरात याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सोसायटीत एकाच बादलीत बुडवलेल्या फडक्याने ओळीने सगळ्या गाड्या पुसल्या जातात. कोराडी-खापरखेड्याची राख उत्तरेकडच्या वस्त्यांत गाड्यांवर बसते, आणि सिमेंट रस्त्यांच्या कामाची धूळ तर सगळीकडेच आहे. त्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. दोन्ही क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या गाडीवर डस्टर फिरवला की हेच कण रंगावर घासत जातात.

धुताना आधी फोम मारून पाच मिनिटं थांबलो, मग प्रेशरने उडवलं, मग दोन बादल्या (एक साबणाची, एक हातमोजा खळबळायची) आणि मायक्रोफायबर मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा. बोअरच्या पाण्याने धुणार असाल तर एकेक बाजू लगेच टिपून घ्या. ते जड पाणी काळ्या पत्र्यावर वाळलं की त्याचे डाग पॉलिशनेही सहज जात नाहीत. महापालिकेचं नळाचं पाणी त्या मानाने बरं. आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव) सावलीत, थंड पत्र्यावर मारा आणि वाळायच्या आत धुऊन टाका. क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फक्त फाइन ग्रेडचा. मीडियम क्ले मऊ रंगावर स्वतःचे ओरखडे सोडतो आणि मग ते काढण्यासाठी पॉलिश एक पायरी वर न्यावं लागतं. क्लेला भरपूर लुब्रिकंट द्या आणि बोटांच्या वजनापेक्षा जास्त दाब देऊ नका.

नंतर जाडी मोजली. बॉनेटवर १०४ ते ११२ मायक्रॉन, दरवाज्यांवर ९८ ते १०८. डाव्या फेंडरवर २१० च्या पुढे, म्हणजे ते कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे. हा आकडा प्रायमर, रंग आणि क्लिअर यांचा मिळून असतो. एकट्या क्लिअरची जाडी साधं गेज सांगत नाही. कंपनीच्या रंगात क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच असतो, हे डोक्यात ठेवूनच मशीन चालू करा. प्लास्टिकच्या बंपरवर हे गेज चालतच नाही, त्यामुळे तिथे हात आणखी आखडता ठेवावा लागतो.

टेस्ट स्पॉट

बॉनेटच्या मधोमध ४५ बाय ४५ सेंमीचा चौकोन मास्किंग टेपने आखला. मशीन १५ मिमी थ्रोचं (पॅडच्या हेलकाव्याचा व्यास) डीए, म्हणजे ड्युअल ॲक्शन, फिरता फिरता हेलकावणारं; पॅड ज्यावर चिकटतो ती बॅकिंग प्लेट पाच इंची. प्लेटच्या कडेला मार्करने एक जाड रेघ ओढून ठेवा. चालू मशीनमध्ये ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. रेघ थांबली म्हणजे पॅड फक्त थरथरतोय, फिरत नाही. तिथे कट जवळपास शून्य होतो आणि उष्णता मात्र साचते. बॉनेटच्या वळणावर हे हमखास होतं, कारण पॅड सपाट न बसता एका कडेवर दाबला जातो.

पहिली जोडी सगळ्यात सौम्य घेतली: मेन्झर्ना ३५०० आणि लेक कंट्रीचा काळा फिनिशिंग फोम. चमक उत्तम आली, बारीक स्वर्ल गेले, पण मधले ओरखडे जागच्या जागी. इथे बहुतेक जण बाटली बदलून कंपाउंडकडे वळतात. ते टाळलं. पॉलिश तेच ठेवून पॅड पांढरा पॉलिशिंग फोम लावला आणि कट लगेच वाढला. मग तसाच दुसरा कोरा पांढरा पॅड लावून त्यावर मेग्वायर्स एम२०५ घेतलं आणि या गाडीची जोडी जमली. एम२०५ फिनिशिंग पॉलिश म्हणून विकलं जातं, पण त्याचे अपघर्षक कण काम करताना मेन्झर्नासारखे फुटून बारीक होत जात नाहीत. पॉलिशिंग फोमवर आणि मऊ रंगावर ते पुरेसं कापतं.

तुलनेसाठी शेजारच्या चौकोनात मेन्झर्ना २५०० त्याच पांढऱ्या फोमवर घेतलं. स्वर्ल थोडे जास्त गेले, पण मागे राहिलेल्या धुक्याला वेगळी फिनिशिंगची फेरी लागली. मायक्रोफायबर कटिंग पॅड मुद्दाम एका छोट्या पट्टीवर वापरून पाहिला: कट भरपूर, आणि पॅडच्या धाग्यांनीच रंगावर अशी करडी झाक आणली की ती काढायला दोन पायऱ्या खर्ची पडल्या. मऊ काळ्यावर मायक्रोफायबर पॅडला जागा नाही, असंच मत झालं आहे. रोटरीवरच्या (न हेलकावता नुसतं गोल फिरणारं मशीन) लोकरी बफने केलेल्या 'रबिंग-पॉलिश'बद्दल तर बोलायलाच नको. त्याचे होलोग्राम (बफच्या फिरण्याचे चमकते पट्टे) संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लांबूनही ओळखू येतात.

रुपेसचे पॅड वापरणाऱ्यांसाठी: त्यांच्या क्रमात निळा सर्वांत कडक, मग हिरवा, पिवळा, आणि पांढरा सर्वांत मऊ. म्हणजे रुपेसचा पांढरा हा फिनिशिंगचा, लेक कंट्रीचा पांढरा पॉलिशिंगचा. रंग पाहून पॅड घेताना इथे गफलत होते, कारण एकाच रंगाचं काम प्रत्येक कंपनीत वेगळं. मऊ रंगासाठी रुपेसमध्ये पिवळ्यापासून सुरुवात करा.

प्रमाण, वेग आणि दाब

कोऱ्या पॅडवर आधी पॉलिश बोटाने पसरून पूर्ण पृष्ठभाग ओला करून घ्यायचा. कोरडा राहिलेला फोम स्वतःच घासतो. त्यानंतर दर चौकोनाला मटारच्या दाण्याएवढे तीन थेंब. चारपेक्षा जास्त कधीच नाही. जास्त पॉलिशने पॅड भिजतो, कण रंगावर टेकण्याऐवजी तरंगतात, आणि पुसताना चिकट थर उरतो. सहा आकड्यांच्या डायलवर आधी १ वर पसरवा, मग ४ वर दोन आडव्या आणि दोन उभ्या फेऱ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवत. हात सेकंदाला अडीच-तीन सेंमी. घाई केली तर कट मिळत नाही, आणि मग माणूस दाब वाढवतो. बिघाडाची सुरुवात तिथूनच होते.

दाब किती हे शब्दांत सांगून कळत नाही. घरातल्या वजनकाट्यावर एक टॉवेल टाका आणि बंद मशीन त्यावर दाबून आकडा पाहा. सुधारणेच्या फेऱ्यांना मशीनचं वजन धरून ४ किलोच्या आसपास, शेवटच्या दोन फेऱ्यांना नुसतं मशीनचं वजन आणि डायल ३ वर. ही शेवटची हलकी फेरी मऊ रंगावर सोडू नका. निम्मा धूसरपणा तिथेच जातो.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड नायलॉनच्या ब्रशने झाडा. निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश फोमच्या छिद्रांत बसतं, आणि तोच गाळ पुढच्या चौकोनात ओरखडे काढतो. दर एक-दोन पॅनलला पॅड बदला. पूर्ण गाडीसाठी पॉलिशिंगचे सहा आणि फिनिशिंगचे चार पॅड हाताशी असावेत. दोनच पॅड घेऊन सुरुवात केली तर अर्ध्यात निकाल बिघडतो, आणि माणूस पॉलिशला दोष देत बसतो.

धूसरपणा कशामुळे, हे कसं ओळखायचं

सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी टॉर्च घ्या, घरातले ट्यूबलाइट बंद करा, आणि प्रकाश तिरपा धरा. खुणांचा आकारच कारण सांगतो.

एकसारखं करडं धुकं, त्यात अगदी आखूड रेघा सगळ्या दिशांनी: पॅड कडक आहे किंवा पॉलिशचे कण भरड. पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी मऊ करा. तरीही राहिलं, तरच पॉलिश बदला.

सरळ रेघा, हात फिरवला त्याच दिशेने: टॉवेल. खात्रीसाठी स्वच्छ झालेल्या भागावर तोच टॉवेल पॅनल स्प्रेसोबत (पॉलिश पुसून काढायचा फवारा) मुद्दाम फक्त आडवा फिरवा. आडव्या रेघा वाढल्या तर पॅड-पॉलिश निर्दोष. टॉवेल बिनकाठाचा, ४०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) वरचा, पॉलिएस्टर-पॉलिअमाइडच्या ७०/३० मिश्रणाचा असावा. तो गच्चीवर वाळत घातला की आपल्याकडची धूळ त्यात बसते. घरात पंख्याखाली वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, सुती कपड्यांबरोबर धुणं नको.

स्वल्पविरामासारखी वळलेली एकटी-दुकटी खूण: पॅडखाली कण अडकला. मशीन थांबवा, पॅड बदला, पॅनल पुसा, तो चौकोन पुन्हा.

एक चौथा प्रकार फसवा आहे. पॉलिशचं तेल बारीक ओरखड्यांत भरून राहतं आणि काम छान दिसतं. दोन धुण्यांत सगळं परत. म्हणून प्रत्येक टेस्ट स्पॉट आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसूनच ठरवा. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल २०० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ७०० मिली, म्हणजे साधारण १५ टक्के. याहून तीव्र नको. उन्हाळ्यात तीव्र मिश्रण टॉवेल फिरायच्या आत उडून जातं, टॉवेल कोरडा घासला जातो, आणि मऊ रंगावर पुसण्याचेच नवे ओरखडे येतात.

पॅनलनिहाय

बॉनेट: एम२०५, पांढरा फोम, मग ३५०० काळ्या फोमवर. दुसरी पायरी लागलीच, फक्त पहिलीवर थांबलं तर टॉर्चखाली हलकं धुकं होतं. गेजमध्ये आधी-नंतर फरक वाचता आला नाही, आणि तसंच हवं. दगडाच्या टोच्यांना हात लावला नाही. नखाला लागणारे दोन खोल ओरखडेही तसेच ठेवले. ते पूर्ण काढण्याएवढा क्लिअर घालवणं परवडणारं नाही; कडा गोलावल्या की ते एरवीही कमी दिसतात.

डावं फेंडर: वर म्हटल्याप्रमाणे पुन्हा रंगवलेलं, आणि इथे बॉनेटची जोडी चाललीच नाही. वर्कशॉपमधला टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) क्लिअर बराच कडक निघाला. २५०० आणि लेक कंट्रीचा केशरी फोम घ्यावा लागला, नंतर ३५००. फिनिश मात्र इथे सर्वांत सहज मिळाली. एका गाडीला एक टेस्ट स्पॉट पुरतो हा समज इथे मोडतो. गेजचा आकडा बदलला की नवा टेस्ट स्पॉट.

दरवाजे: हँडलच्या खोबणीत नखांचे ओरखडे खूप. तिथे तीन इंची पॅड, डायल ३. बॉडी लाइनच्या धारेवर टेप लावूनच काम केलं, कारण धारेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एकवटतो.

मागचा बंपर: प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे रंग लवकर तापतो. एका चौकोनात चारऐवजी दोन फेऱ्या, मग हाताने तापमान पाहून पुढे. हात ठेवून चटका वाटला तर थांबा.

उन्हाळ्याचं गणित

नागपुरात एप्रिलपासून पावसापर्यंत पहाटे पाच ते साडेआठ हाच कामाचा वेळ. नवतप्यात बंद पार्किंगमधला पत्राही दुपारी इतका तापलेला असतो की एम२०५ पसरताच सुकतं, आणि तापलेला मऊ क्लिअर पॅडला धरतो. पॉलिशचे गोळे होऊन ते रंगावर चिकटले तर जोराने खरवडू नका. त्यावर पॅनल स्प्रे मारा, अर्धा मिनिट थांबा, टिपून घ्या. पुढच्या चौकोनाला एक थेंब कमी, डायल अर्धा आकडा खाली, आणि पॅडवर डिस्टिल्ड वॉटरचा एक फवारा.

कूलर पॅनलच्या दिशेने लावू नका. वाऱ्याने पॉलिश सुकतं आणि कूलरच्या गवताचे तुकडे उडून ओल्या रंगावर येतात. लावायचाच असेल तर माणसाच्या पाठीवर, गाडीपासून वळवून. पॅड डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत फोम आणि वेल्क्रोमधला गोंद सुटतो, आणि मग चालू मशीनवरून पॅड निसटून प्लेट थेट रंगावर टेकते. धुतलेले पॅडही सावलीतच वाळवा, पाणी वेल्क्रोकडे उतरणार नाही असे, फोमची बाजू खाली.

पुढे

उजव्या बाजूला कंपनीचाच रंग आहे, तिथे बॉनेटची जोडी थेट लावायची, पण प्रत्येक दरवाज्यावर आधी एक छोटा चौकोन. छताला सगळ्यात जास्त ऊन लागलेलं आहे आणि गेजचा आकडा ९६ पर्यंत खाली गेला आहे. तिथे एम२०५ घ्यायचं नाही असं ठरवलं आहे: ३५०० पांढऱ्या फोमवर, एकच पायरी, जेवढं निघेल तेवढं. छताकडे कोणी टॉर्च धरून पाहत नाही, पण त्याचा क्लिअर उडाला तर गाडी पुन्हा रंगवावी लागते.

झालेल्या पॅनलवर सध्या फक्त सिंथेटिक सीलंटचा (मेणासारखा संरक्षक लेप) पातळ हात दिला आहे. सिरॅमिक कोटिंग पूर्ण गाडी झाल्यावरच, आणि तेही पावसाळा ओसरल्यानंतर. तोवर धूळ पुसायची नाही, फक्त धुवायची. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्या दादांना या गाडीला फडका लावू नका असं सांगून ठेवलं आहे, पैसे मात्र नेहमीचेच.