यीशिंगच्या किटल्या: विकत घेण्याआधी घडताना बघा

चीनमधल्या यीशिंगला जाणार असाल तर मुक्काम शहरात नको, डिंगशूला करा. जांभळ्या मातीच्या, म्हणजे झीशाच्या, चहाच्या किटल्यांचं सगळं काम त्या गावात चालतं. नानचिंग–हांगचौ वेगवान रेल्वेमार्गावर यीशिंग स्टेशन लागतं. पुढे बस किंवा टॅक्सी. रेल्वेसाठी पासपोर्ट जवळ हवाच. अलीपे, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप, घरून निघतानाच चालू करून घ्या, लहान दुकानांत आपली कार्डं चालतील याचा भरवसा नाही.

पहिला दिवस खरेदी अजिबात करू नका. आधी डिंगशूचं सिरॅमिक संग्रहालय बघा. गू जिंगचौ (1915–1996) हे विसाव्या शतकातले सगळ्यांत नावाजलेले कारागीर इथलेच. त्यांच्या घडणीच्या किटलीवर नक्षी फारशी नसते. तोटी, पोट आणि कान यांची रेषा कुठेही अडखळत नाही, एवढंच. पण ते एकदा डोळ्यांत बसलं की बाजारातला बराचसा माल आपोआप बाद होतो.

मग शूशान डोंगराखालच्या जुन्या गल्लीत जा. उघड्या दारांतून कारागीर काम करताना दिसतात. विचारून, जरा बाजूला उभं राहून बघा. या किटलीला कुंभाराचं चाक लागत नाही. आम्ही पाहिलेल्या बाईंनी मातीचा गोळा लाकडी मोगरीने ठोकून भाकरीसारखा सपाट केला, त्यातली पट्टी कापून गोल वळवली आणि सांधा जुळवला. मग डाव्या हाताची बोटं आत, उजव्या हातात थापी. हलके हलके फटके, प्रत्येक फटक्याला खालची हाताने फिरवायची छोटी फिरकी थोडी सरकते आणि वरची कड आत झुकत जाते. हे सगळं निव्वळ अंदाजाने! शेवटी बैलाच्या शिंगाची पातळ पट्टी फिरवून त्या अंग गुळगुळीत करत होत्या. झिलई नाहीच, जी चमक दिसते ती या घोटण्याची आणि पुढे वापराची.

आता खरेदी. पूर्ण हातघडणीची किटली महागच असते. साच्याची मदत घेऊन केलेली ‘अर्धी हातघडणीची’ रोजच्या वापराला उत्तम, आणि पहिली किटली तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात पाणी मागा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ओतताना धार गोल आणि सलग हवी, थांबवल्यावर तोटीखाली थेंब ओघळायला नको. झाकणाचं भोक बोटाने दाबलं की धार थांबली पाहिजे. भडक लाल-हिरवे रंग टाळा. मातीत रसायनं मिसळण्याचा प्रकार 2010 मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीनेच उघड केला होता. ही माती जिथून निघायची त्या ह्वांगलोंग डोंगरातलं खाणकाम आता बंद आहे, तरी ‘तिथलीच जुनी माती’ असं जो तो सांगतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नका, खातरजमा करायला आपल्याकडे काही साधन नसतं.

वेळ असेल तर छ्यानशूची मिंग राजवटीच्या काळातली ‘ड्रॅगन भट्टी’ बघाच. उतारावर सुमारे 43 मीटर लांब पसरलेली ही भट्टी अजून पेटवली जाते. किटल्या मात्र हल्ली बहुतेक गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीत भाजतात.

परतताना झाकण वेगळं गुंडाळा आणि किटली हातातल्या बॅगेत ठेवा. घरी साबण लावू नका, नुसतं गरम पाणी. एका किटलीत एकाच जातीचा चहा करा. आपला दुधाचा चहा तिच्यात कधीच नको. माती सच्छिद्र असते, दुधाचा वास धरून बसते.