बॅच क्रमांक नसलेली चिठ्ठी

‘अठरा महिन्यांचा रकाना कोरा आहे, आधी त्याची नोंद आणा,’ हे वाक्य ऑक्टोबर २०२५ मध्ये मी मुंबईतील एका लसीकरण केंद्राच्या खिडकीवर, मुलीचे लसीकरण कार्ड पुढे करताच ऐकले आणि पुढचे तीन आठवडे त्याच रकान्याने खाल्ले.

मुलीला द्यायचा होता तो त्रिगुणी लसीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील डीपीटीचा, दुसरा बूस्टर. तो पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान घ्यायचा असतो. शाळाप्रवेशाच्या धावपळीत आम्ही कार्ड उघडूनही पाहिले नाही, ही चूक सर्वस्वी आमची. पोलिओचे डोस पाजायला माणसे दारापर्यंत येतात आणि करंगळीला शाई लावून जातात, त्यामुळे ते चुकले नाहीत. डीपीटीची आठवण करून द्यायला मात्र कोणी जिना चढत नाही. नोव्हेंबरात तिला सात वर्षे पूर्ण होणार होती आणि त्यानंतर डीपीटी न देता धनुर्वात आणि घटसर्प यांवरील, घटसर्पाची मात्रा कमी असलेली टीडी लस देतात, जिच्यात डांग्या खोकल्याचा घटक नसतो. घाई होती ती त्यासाठी.

तिचा जन्म २०१८ साली पत्नीच्या माहेरी, साताऱ्याला झाला. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटच्या, म्हणजे डीपीटीसह पाच रोगांवरील एकत्रित लसीच्या, नोंदी कार्डावर नीट आहेत. पहिला, म्हणजे अठरा महिन्यांचा, बूस्टर मात्र २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, खासगी दवाखान्यात घेतला आणि डॉक्टरांनी तो आपल्या चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी खिडकीवरील बाईंनी हातातही घेतली नाही, कारण तिच्यावर शिक्का नव्हता. दवाखाना दुसरीकडे हलला होता. तो शोधून, तासभर बसून शिक्का आणला, तर पुढच्या आठवड्यात ‘बॅच क्रमांक कुठे आहे?’ असा प्रश्न आला. पाच वर्षांपूर्वीच्या कुपीचा क्रमांक मी कुठून आणणार होतो? तेथे लसीकरण आठवड्यातून एकच दिवस असल्याने प्रत्येक नकाराबरोबर एक आठवडा आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा जात होती. (मुलीला उपाशीपोटी नेऊ नका, हे तेव्हाच कळले, दुसऱ्या खेपेस रांगेत तिला चक्कर आली.)

तिसऱ्या खेपेस माझा आवाज चढला. त्याचा मला अभिमान नाही, पण त्यामुळेच आतील वैद्यकीय अधिकारी बाहेर आल्या. त्यांनी कार्ड पाहिले, वय विचारले आणि म्हणाल्या, ‘मागचा डोस झाला असो वा नसो, आज द्यायचा तो डीपीटीच. अंतर पडले म्हणून आधीचे डोस बाद होत नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.’ ज्या रकान्यासाठी मी तीन आठवडे घालवले, त्याचा त्या दिवशीच्या सुईशी काही संबंधच नव्हता! तेव्हा कागदावरून अडवणूक झाल्यास खिडकीशी वाद न घालता थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. मी ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

सुई दंडाला दिली, अर्धा तास बसवून ठेवले. रात्री थोडा ताप आला, तो तेथून सांगितलेल्या औषधाने उतरला. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे, हे आता सांगतो. पुढची लस टीडी, दहाव्या वर्षी. या वेळची नोंद अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने केली आणि न विचारता बॅच क्रमांकही लिहिला.